दगडावरची खेमा

तिरोड्याहून बोदलकशाकडे जाताना डाव्या हाताला मुरमाचा एक रस्ता फुटतो, पळसटोल्याचा. शंभर वर्षांपूर्वी दुष्काळ पडला तेव्हा उपाशी माणसांनी पोटासाठी तो बांधला, अशी गावात आठवण होती. २००१ साली सरपंच शालीकरामांनी फाट्यावर त्या माणसांच्या आठवणीचा दगड उभा केला आणि अक्षरं कोरायला पाथरवट रत्नपालला बोलावलं.

चैत्रातली दुपार. मोहफुलांचा गोड, जड वास जमिनीलगत साचलेला. 'सन १९०० च्या दुष्काळात हा रस्ता बांधणाऱ्या कष्टकऱ्यांच्या स्मरणार्थ' एवढं कोरून झालं, तरी खाली हातभर जागा उरली. रत्नपाल पाणी प्यायला, शेजारच्या मोहाला टेकला. डोळे जड झाले.

"नावं नाई लिहिली का गा?"

समोर एक बाई उभी होती. डोक्यावर मुरमाची टोपली, कडेवर पदराखाली झाकलेलं तान्हं लेकरू. वारा होता, पण तिचा पदर हलत नव्हता.

"नावं कोनाले माहीत, बाई? टोपली ठेवा, बसा."

"नाई. मुकादम पाहून राहिला."

त्यानं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. ऊन पाण्यासारखं हलत होतं.

"सगळ्यांची नाई मागत," ती म्हणाली. "येकच लिही. हिचं."

"सांगा."

तिनं पदराखालच्या लेकराकडे पाहिलं. "ठेवलंच नवतं गा... तूच दे एखादं."

रत्नपालची बायको अल्का, तिला सातवा महिना लागला होता. मुलगी झाली तर नाव खेमा, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. बुद्धाच्या काळातल्या एका भिक्खुणीचं नाव. विहारात ऐकलं आणि तिच्या मनात बसलं. पोटावर हात ठेवून ती त्याच नावानं बोलायची. आता रत्नपालच्या तोंडून तेच निसटलं.

"खेमा..." बाईनं ते हळूच जिभेवर घोळवलं. "साजरं हाये. आता हिचं झालं हं. तुमी तुमच्या पोरीचं दुसरं ठेवा."

रत्नपाल दचकला. घरातलं काहीच तर आपण हिला सांगितलं नाही! त्यानं मान वर केली. समोर कोणी नव्हतं. छन्नी त्याच्या हातात होती, आणि दगडावर, त्याच्याच वळणाच्या अक्षरात, कोरलेलं होतं : खेमा.

संध्याकाळी त्यानं अल्काला सगळं सांगितलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "माया लेकराचं नाव मेलेल्यांच्या दगडावर? उद्याच्या उद्या खोडून टाका. मी बी येतो."

सकाळी दोघं फाट्यावर आले. अल्का मोहाखाली बसली. रत्नपालनं 'खे'वर छन्नी टेकवली आणि हातोडी उचलली.

"थांबा..." अल्कानं पोट धरलं. "आत्तापर्यंत पाय मारून राहिली होती. येकदम गप झाली."

त्यानं छन्नी उचलली. थोड्या वेळानं अल्काचा चेहरा सैल पडला. "हालली."

"भास असंल," रत्नपाल म्हणाला. त्यानं छन्नी पुन्हा टेकवली.

या वेळी अल्काचे ओठ पांढरे झाले. "काढा... छन्नी काढा ना!"

त्यानं ती दूर भिरकावली. दोघं नुसते बसून राहिले. मोहाचं एक फूल टप्पकन पडलं. दुसरं पडलं. तिसरं. आणि मग कधीतरी अल्काला हुंदका फुटला. पोटात पाय हलला होता.

ती उठली. दगडावरच्या नावावर तळहात ठेवून रिकाम्या रस्त्याकडे पाहत म्हणाली, "ठेव बाई, तुले ठेव. माया लेकराले तेवढं राहू दे."

चार दिवसांनी शालीकरामांनी दगड पाहिला. "ही खेमा कोन गा?"

"या रस्त्यावरचीच होती," रत्नपाल म्हणाला. 

पावसाळा लागताना मुलगी झाली. धडधाकट. तिचं नाव रीना ठेवलं. खेमा हे नाव घरात पुन्हा कोणी काढलं नाही.

अश्विनात हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला. अल्का पहिल्यांदाच लेकराला सासूजवळ, सुमनबाईंजवळ ठेवून पहाटे शेतावर गेली. दुपार टळली, दुधानं छाती भरून दुखायला लागली, तशी ती रत्नपालला घेऊन लगबगीनं घरी आली.

"लय रडली का, आई?"

"येकदा बी नाई व. मघाशी मले जरा डुलकी लागली, तवाबी गपच होती."

अल्कानं रीनाला अंगावर घेतलं. रीनानं तोंड फिरवलं. पोट टम्म होतं, डोळे पेंगुळलेले.

"बकरीचं पाजलं का तुमी?"

"मी कायले पाजू? तुयीच वाट पाहून राहिलो."

रीनाच्या अंगावर मुरमाची धूळ होती, आणि ओठाच्या कडेला दुधाचा एक थेंब. अल्कानं तो बोटानं टिपला.

अजून कोमट होता.