टोपलीतलं काळं पाणी

रामबुवा भर कीर्तनात कोसळून गेले, आणि राख सावडून होताच गावानं त्यांच्या विधवा सुनेला खोलीत कोंडलं.

हे सांगायला तिचा भाऊ कडूबा केदारखेड्याहून गाडी जुंपून जालन्याला आला होता. तो गिरिधरपंतांसमोर बसला होता. वकिली सोडून पंत आता लोकांच्या अडल्या प्रकरणांचा खासगी तपास करत. शेजारी त्यांचे मित्र श्रीपतीमास्तर होते. मास्तरांची शाळा सुटली होती, पण कीर्तनाचं वेड काही सुटलं नव्हतं. रामबुवांच्या आवाजावर त्यांचा भारी जीव. बातमी ऐकून त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं.

"म्हणतात, चतुरानं सासऱ्याला छत्र्यांच्या, अळंब्यांच्या भाजीत जहर घातलं," कडूबा म्हणाला. "परवा पोलिसांचे अमीनसाहेब येऊन तिला नेणार. पंत, माझी बहीण मुंगीवर पाय देत न्हाई."

"जहर पाहिलं कुणी?"

"टोपलीत राहिलेल्या छत्र्यांना काळं पाणी सुटलं व्हतं. बिलकुल शाईवानी."

पंत उठले. "मास्तर, जोडा घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुवांच्या घरी पोचले. चतुराबाईला धान्याच्या कोठीत ठेवलं होतं. दाराची कडी काढली तरी ती उठली नाही.

"छत्र्या कुठल्या, बाई?" पंतांनी विचारलं.

"गोठ्यामागं बाभळीचं जुनं खोड पुरलंय. दर श्रावणात तिथं येतात, राखी रंगाच्या, अंड्यावानी. मामंजींना लई आवडायच्या. त्या दिवशी दुपारी त्यांनी खाल्ल्या, आत्याबाईंनी खाल्ल्या, मी बी खाल्ल्या. एकाच कढईतल्या."

"आणि रखमाजींनी?" रखमाजी म्हणजे बुवांचा धाकटा भाऊ. तो त्याच घरात राहायचा.

"काकांनी पिठलं मागून घेतलं. पयले ते बोटं चाटून खायचे, औंदा हात लावला न्हाई."

"जेवणानंतर चूल?"

"इझवून सारवून घेतली. संध्याकाळी समद्यांचं जेवण देवळात, सप्त्याचं. मंग कशाला पेटवू?"

"सासरे रागावले होते का तुमच्यावर?"

इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले. "उलटं. माझ्या मालकाच्या वाट्याची जमीन माझ्या नावावर करायची, असं ते कीर्तन उरकल्यावर पंचांसमोर बोलणार व्हते. आत्याबाईंना ठावं हाये."

बाहेर ओसरीवर बुवांची बायको, द्वारकाबाई, भिंतीला टेकून बसली होती.

"पांढऱ्या पायाची हाये ती," तिनं विचारायच्या आधीच सुरुवात केली. "आधी माझं पोर खाल्लं, आता धनी."

"त्याच भाजीनं तुम्हाला काही झालं नाही."

"माझ्या ताटात घातलं नसंल."

"बुवांना झालं तसं या घरात आधी कुणाला झालं होतं?"

"रखमाजी भाऊजींना. गेल्या श्रावणात कलालाकडून पिऊन आले आन् उंबऱ्यातच आडवे. तोंड इंगळावानी, छाती धाडधाड, वकाऱ्या. पण ते त्यांच्या पिण्याचं फळ. आमच्या मालकाच्या गळ्यात माळ व्हती. जन्मात थेंब शिवला न्हाई त्यांनी."

"देवमाणसाच्या घरी हे कसले प्रश्न?" वाटेत मास्तर कुरकुरले.

"देव नीट ऐकतो, मास्तर. तुम्हीही ऐका."

देवळात धर्मराज टाळकरी भेटला. बुवांच्या मागं तो कैक वर्षं उभा राहत असे.

"आवाज बसला व्हता बुवांचा," तो म्हणाला. "रखमाजीनं घरून काढा आणला. बुवांनी एका दमात फुलपात्र रिकामं केलं, म्हणाले, 'लई तिखट केलास रे.' मंग उभे राह्यले. पयला अभंग संपला न्हाई तर तोंड लालबुंद, घामाच्या धारा. छाती दाबून खाली बसले ते बसलेच. वैदूनं सांगितलंच व्हतं, छाती कच्ची हाये म्हणून."

रखमाजी गोठ्यात लवंग चघळत बसला होता. पंतांना पाहून त्यानं घोंगडी झटकली.

"या साहेब. भावाचा जीव गेला आन् आता चौकशा. काय विचारायचं ते जल्दी विचारा."

"काढा तुम्ही केला?"

"मीच. सुंठ, मिरं, ओवा. घरी चुलीवर चांगला उकळला आन् गरमागरम नेऊन दिला. भावाचा गळा बसलेला दिसून राह्यला व्हता, बघत बसू?"

"छत्र्या का खाल्ल्या नाहीत?"

"मन नव्हतं." त्यानं लवंग थुंकली. "बाईमाणसाच्या हातचं काय सांगावं. वाचलो ना?"

पंतांनी मग एक विचित्र गोष्ट केली. चतुराबाईला कोठीतून काढून त्यांनी खोडापाशी नेलं, ताज्या छत्र्या खुडायला लावल्या, अर्ध्या टोपलीतच ठेवल्या आणि उरलेल्या शिजवायला सांगितल्या. शेजारपाजारचे कुंपणावरून बघत राहिले. पंत पाटावर बसले आणि मास्तरांनाही हात धरून बसवलं.

समोर चतुराबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. इतके दिवस तिच्या हातचं पाणीही कुणी घेतलं नव्हतं. मास्तरांनी पांडुरंगाचं नाव घेतलं आणि घास गिळला. मग आणखी भाजी मागितली. तिच्या हातून पळी निसटता निसटता राहिली.

जेवणानंतर त्यांनी पचनाची द्राक्षासवाची बाटली काढली. पंतांनी ती काढून घेऊन खिशात टाकली.

"काही दिवस हे बंद."

"अहो, मग अन्न जिरायचं कसं?"

"चाला थोडं."

अमीनसाहेब येणार होते तो दिवस उजाडला. देवळापुढच्या मांडवात गाव जमलं. अमीनसाहेब बाजेवर बसले होते. पंतांनी टोपली पुढं ठेवली. कालच्या छत्र्या काळ्या पाण्यात विरघळल्या होत्या.

"हेच तुमचं जहर. या जातीच्या छत्र्या खुडून ठेवल्या की आपोआप अशा होतात. यातल्याच काल मी खाल्ल्या, मास्तरांनी खाल्ल्या. सगळ्या गावानं पाहिलं."

मग त्यांनी झाकलेलं ताट रखमाजीपुढं सरकवलं. "भाजी आज सकाळची आहे. घ्या."

रखमाजीनं ताट असं ढकललं की भाजी मातीत सांडली. "मला सोसत न्हाई."

"काल म्हणालात मन नव्हतं, आज सोसत नाही. का सोसत नाही, ते मी सांगतो. ही छत्री एकटी निरुपद्रवी. पण पोटात ती असताना दारू गेली, अगदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीसुद्धा, की तोंड पेटतं, छाती उधळते. गेल्या श्रावणात तुमच्यावर ते बेतलं. त्यातून तुम्ही शिकलात. पिणं सोडवत नव्हतं, म्हणून छत्र्या सोडल्यात. आता तोंडात लवंग आहे, ती कशासाठी, ते अमीनसाहेबांना वासावरून कळेल."

"दादा कुठं पीत व्हता?" रखमाजी म्हणाला.

"नव्हते पीत. म्हणूनच तर त्यांना चव ओळखता आली नाही. सुंठमिऱ्याखाली तुम्ही दारू दडवलीत. माळकऱ्याच्या पोटात दारू असेल, हे गावातल्या कुणाच्या मनातही येणार नव्हतं, त्याचाच तुम्हाला आधार. पण काढा चुलीवर उकळला म्हणालात, आणि चूल तर दुपारीच विझवून सारवली होती. गरमागरम दिला म्हणालात, आणि बुवांनी तो एका दमात घेतला. उकळता काढा कोण एका दमात पितो? तो गार होता. दारू उकळली असती तर उडून गेली असती."

"मगर क्यों?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"सुनेला तिचा वाटा मिळणार होता. ते कीर्तनानंतर जाहीर होणार होतं. कीर्तन संपूच दिलं नाही. छाती कच्ची आहे हे घरात ठाऊक होतंच."

रखमाजी बसल्या जागीच हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं.

"रात्रंदिवस शेतात मी राबलो," तो म्हणाला. "तो टाळ कुटत हिंडला, आन् वाटणी करणार तो. दिली मी दारू. आता गावोगाव सांगत हिंडा, केदारखेड्याचा बुवा दारू पिऊन मेला म्हणून."

द्वारकाबाई पुढं आली. सुनेकडं तिनं पाहिलंही नाही. "पंत, त्यांची माळ मोडली का?"

उत्तर मास्तरांनी दिलं. "नाही बाई. माळ मनाला असते. बुवांनी भावाच्या हातून औषध घेतलं. बाट लागला असेल तर देणाऱ्याला."

अमीनसाहेबांचे शिपाई रखमाजीला घेऊन गेले. पंत पंचांकडं वळले.

"एकच राहिलं. बुवा जे बोलणार होते, ते आता तुम्ही पुरं करा. या बाईचा वाटा."

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. धर्मराज टाळांची दोरी नीट करू लागला. "बुवांच्या तोंडून आमी तर ऐकलं न्हाई," एक म्हातारा म्हणाला. "घरच्यांना ठावं असंल."

सगळ्यांच्या नजरा द्वारकाबाईकडं गेल्या. तिनं पदर सारखा केला.

"मला काय बोलले न्हाईत."

चतुराबाई तिच्याकडं बघत राहिली.

"चल घरी," द्वारकाबाई म्हणाली. "सकाळनंतर चूल पेटली न्हाई."

"चूल तुमची, आत्याबाई. पेटवा."

ती माहेरी जायला कडूबाच्या गाडीत चढून बसली. तिच्यासोबत बदलायला लुगडंही नव्हतं. मास्तर गाडीच्या चाकापाशी उभे राहिले. इतकी कीर्तनं ऐकलेला माणूस. तिला धीर द्यायला एखादं चरण ओठावर येईल असं त्यांना वाटलं. आलं नाही. गाडी नदीच्या उताराला लागली.

मांडवात पंच अजून बसले होते. सप्ता अर्धा राहिला होता. पुढच्या कीर्तनाला वडीगोद्रीचा बुवा मिळेल का, यावर त्यांचं बोलणं चाललं होतं.