माशांच्या वाटणीचे चुरमुरे

बुधवारी दुपारी चार वाजता महाडच्या वाचनालयातल्या माशांच्या पेटीवरची ट्यूब गेली. साल १९८३, महिना ऑगस्ट. थोड्या वेळानं दुरुस्तीला मुरारी आला. स्टुलावर चढण्याआधी त्यानं पेटीत डोकावून पाहिलं.

"बाई, मासेच आहेत ना? की पेज शिजत ठेवलीय?"

नीला तिथली ग्रंथपाल. बौद्धवाडीतली, पदवीधर, आणि त्या पेटीच्या बाबतीत भलतीच हळवी. मुंबईच्या एका सभासदानं ती भेट दिली होती. काळ्या मॉली, गप्पी, दोन एंजल, सगळे एकत्र गुण्यागोविंदानं राहणारे. दर रविवारी ती सगळं पाणी उपसायची, खडे घासायची, आणि बुधवारपर्यंत पाणी पुन्हा दुधी व्हायचं.

"तुम्ही ट्यूब बघा," ती म्हणाली.

"ट्यूबच बघतोय." पण तो बघत होता ट्यूबच्या खाली... आणि खाली नीला उभी होती.

स्टार्टर बदलला, उजेड पडला. स्टार्टर नीट बसलाय का, हे पाहायला मुरारी गुरुवारी आला. शुक्रवारीही आला. त्या दिवशी त्यानं खिशातून मूठभर चुरमुरे काढले, पेटीत टाकले आणि हात जोडले.

"अहो, हे काय!"

"वाळणकोंडच्या डोहात टाकतो ना आपण. देवीचे मासे."

"हे देवीचे नाहीत, वाचनालयाचे आहेत!"

आणि मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणारी म्हातारी माणसं वर्तमानपत्रं वाचायला थोडीच येत होती? नीलाची पाठ वळली, की मूठभर चुरमुरे टाकून, नमस्कार करून जात होती. मासे त्यातले चार दाणे खात; बाकीचे तळाशी कुजत.

"मनाईची पाटी लावा," मुरारी म्हणाला.

"नको. भक्तीनं टाकतात ती माणसं. त्यांना नको कसं म्हणायचं?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी डालड्याचा रिकामा डबा रंगवून घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं: 'माशांचा नैवेद्य इथे टाकावा'. लोक टाकू लागले. नीलानं सगळं पाणी उपसणं सोडलं. रात्रभर बादलीत ठेवलेलं नळाचं पाणी थोडं थोडं बदलू लागली. दुपारचं ऊन पेटीवर यायचं त्या खिडकीला मुरारीनं पडदा ठोकला. गणपती झाले, आणि पाणी असं निवळलं, की मधली काच हाताला लागेपर्यंत कळू नये.

डब्यातले चुरमुरे? ते संध्याकाळी दोघं खात. कांदा मुरारी आणायचा.

"माशांच्या तोंडचा घास खातोय आपण," नीला म्हणायची.

"मासे पथ्यावर आहेत."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो कांदा न आणताच आला.

"आई येतेय उद्या. उमरठवरनं. मासे बघायला."

"नुसते मासे?"

"तुझं नाव सांगितलंय मी." मग ट्यूबकडे बघत, "आडनावासकट."

नीलाचा हात डब्यातच राहिला. "...काय म्हणाल्या?"

"काही नाही. म्हशीची धार काढत होती. काढत राहिली."

"माझ्या घरी मी सांगितलंय. बाबा म्हणाले, आधी त्याच्या आईला काय वाटतं ते कळू दे." तिनं पेटीकडे पाहिलं. "आणि त्यांना मी नाही आवडले तर?"

"मला आवडतेस," मुरारी म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "ते आधी सांगायचं राहिलं..."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुरारीची आई चिमाबाई आल्या. नीलाकडे त्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं. पेटीसमोर मात्र खिळून राहिल्या. "कसं गो उजेडात पवतात!" मग पदराची गाठ सोडून त्यांनी चुरमुऱ्यांची मूठ भरली.

मुरारीनं डोळे मिटले. नीलाच्या मनात आलं, आज एक मूठ पडली तर काय बिघडणार होतं? पण...

"आई, पेटीत नको. पाणी खराब होतं. त्या डब्यात टाका."

"डब्यात मासं हायत?"

"नाहीत."

"मंग त्यातलं जातं कुठं?"

खोटं सांगणं सोपं होतं. "आम्ही खातो," नीला म्हणाली.

"आमी म्हंजी?"

मुरारी एकदम स्टुलावर चढून चालू ट्यूबचा स्टार्टर तपासू लागला.

चिमाबाईंनी आधी लेकाकडे पाहिलं. मग नीलाकडे, या खेपेला सावकाश, पायापासून डोक्यापर्यंत. मूठ तशीच धरून बाकावर जाऊन बसल्या.

त्यांच्या परतीची पाचची पोलादपूर गाडी गेली. चिमाबाई उठलेल्या नाहीत. मूठ अजून मिटलेली आहे. बाकावर मात्र त्या जराशा भिंतीकडे सरकल्या आहेत, आणि शेजारी एका माणसापुरती जागा झाली आहे.