शेवटच्या प्लॉटचा मीटर

वसाहत तयार होती, फक्त वसलेली नव्हती. रस्ते, गटारं, दिव्यांचे खांब, प्लॉटच्या कोपऱ्यांवरचे रंगवलेले दगड, सगळं जागच्या जागी होतं. काचेचे, चिनीमातीच्या फरशांचे, असे गॅसवर चालणारे कारखाने इथं यायचे होते. ते येईपर्यंत जमिनीखाली गॅसची लाइन आणि जमिनीवर मी. गेटवर एक वॉचमन होता, पण तो गेट सोडत नसे आणि बोलणं त्याला वर्ज्यच होतं.

माझं काम म्हटलं तर सोपं. लाइनमध्ये गॅस भरायचा, सगळ्या प्लॉटचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे आणि दाब पडत नाही हे दाखवायचं. दाब टिकला की माझी बदली घरच्या शहरात. आमची चिमणी बोलायला लागली तेव्हा मी इथं होतो, शाळेत जायला लागली तेव्हाही इथंच. हल्ली ती फोनवर मला ‘अहो बाबा’ म्हणायची, पाहुण्याला म्हणावं तसं. बायकोला त्याचं हसू यायचं. मला मात्र ते फार लागलं होतं.

नव्या लाइनच्या टोकाला गॅस पोचला की तिथं पहिली ज्योत पेटवायची आमच्या धंद्यात रीत आहे. वरचे साहेब येतात, टाळ्या वाजतात. या वेळी कुणी फिरकलं नाही. मग मीच शेवटच्या प्लॉटवर बर्नर जोडला, त्यावर चहाचं आधण ठेवलं आणि बायकोला फोन लावला.

“पहिलं कनेक्शन तुला दिलं बघ,” मी म्हटलं.

“आणि बिल?”

“ते माझ्याकडे.”

“मग चालेल,” ती म्हणाली.

चहा एकट्यानंच प्यायलो. बर्नर काढला, व्हॉल्व्ह बंद केला, पाइपाच्या तोंडाला टोपण आवळलं.

दुसऱ्या दिवसापासून दाब पडू लागला.

गळती शोधायची म्हणजे जोडाजोडावर साबणाचं पाणी लावत फिरायचं. बुडबुडा आला की चोर सापडला. मी सगळी वसाहत पालथी घातली. एकही बुडबुडा आला नाही. शेवटच्या प्लॉटवर पोचलो तर व्हॉल्व्ह बंद, टोपण घट्ट, आणि मधला मीटर फिरत होता. प्लॉटवर गवताशिवाय काही नव्हतं.

मीटर बदलला. नवाही फिरला.

भूत वगैरे माझ्या डोक्यात येत नाही. मी आपला मीटर केव्हा फिरतो ते बघत बसलो. भट्टी एकदा पेटली की दिवसरात्र पेटलेलीच असते. हा तसा फिरत नव्हता. उजाडताना थोडासा फिरायचा, थांबायचा, मग जरा जोरात. नंतर एकदम दुपारीच. हे दूध होतं, आंघोळीचं पाणी होतं, डाळ-भात होता. इथं कुणीतरी घर चालवत होतं.

खरं सांगतो, भीती वाटायला हवी होती, पण मला त्याची सोबत वाटू लागली. दुपारचा मीटर थांबला की मी शेजारीच डबा उघडून बसायचो.

पण दाब टिकत नव्हता. हेड ऑफिसातून साहेबांनी सुनावलं, “लाइन धरत नसेल तर तुम्ही तिथंच राहा, आम्हाला काही घाई नाही.” तेव्हा मात्र मी मीटरच्या अलीकडे जोड उघडला, मधे पोलादी चकती घातली आणि बोल्ट आवळले. आता वाराही पलीकडे जाणार नव्हता. मीटर थांबला.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अहो, गॅस गेला. दूध अर्धवट तापलंय.”

“सिलिंडर संपला असेल.”

“परवाच बदललाय. उचलवत नाही इतका भरलेला आहे.”

मी तिला फोन चालू ठेवायला सांगितलं आणि चकती काढली. काही न बोलता.

“आला,” ती म्हणाली. “काय केलंत?”

तिला मी काहीच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? संध्याकाळी विजेची शेगडी आणायला लावली आणि दुसऱ्या दिवशी चकती पुन्हा बसवली, कायमची. मला घरी जायचं होतं.

दाब टिकला. कागद पुढे सरकले. बदली झाली.

निघायच्या दिवशी दुपारी जीप यायची होती. बॅग गेटवर ठेवली आणि शेवटचं बघून यावं म्हणून त्या प्लॉटवर गेलो.

चकती होती तिथंच होती. मीटर फिरत होता.

नेहमीपेक्षा जोरात फिरत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. पाहुणा आला की घरात चार पदार्थ जास्तीचे होतात, तसा.

मी घरी फोन लावला. फोडणीचा आवाज ऐकू आला.

“शेगडीवर करते आहेस ना?”

“शेगडी कशाला?” बायको हसत होती. कित्येक महिन्यांत तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. “सकाळी आल्या आल्या तुम्हीच तर गॅस चालू करून दिलात.”

मी चकतीचे बोल्ट चाचपून पाहिले. घट्ट होते.

“आणि हे काय, आतल्या खोलीतून फोन कसले करताय? या बाहेर. पोरगी खोळंबली आहे तुमच्यासाठी.”

“ऐक,” मी म्हटलं. “मी अजून निघालोच नाही.”

तिनं ते ऐकलं नसावं. तिच्या मागे कुणीतरी खाकरलं आणि “आलो, आलो,” म्हणालं. आवाज माझा होता.

फोन ठेवला गेला.

मी मीटरकडे पाहिलं. तो हळू झाला, आणखी हळू झाला, आणि थांबला.

जेवायला बसले असतील.