लोरेन्झोचं रिकामं शहर

१९४३ च्या नाताळाआधी नगरच्या आमच्या मिशन शाळेच्या हॉलला चुना द्यायचा होता. देखरेख माझ्याकडे, म्हणजे ड्रॉइंग मास्तर आमोसकडे. अडचण एकच होती. मागच्या भिंतीवर, छावणीतून शाळेत कामाला आणलेल्या लोरेन्झो नावाच्या इटालियन युद्धकैद्यानं एक शहर रंगवून ठेवलं होतं. कमानींची रांग, उंच मनोरा, कलती उन्हं, आणि चौकात चिटपाखरू नाही. "आमच्याकडे हल्ली अशीच शहरं रंगवतात," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला होता. चौकात एका बाईची लांबलचक सावली मात्र पडलेली. बाई कुठंच नाही.

वस्तूशिवाय सावली काढली की मी वीस वर्षं पोरांचे मार्क कापत आलोय. मला राहवेना. लोरेन्झोला दुसऱ्या छावणीत हलवल्यावर मी माझ्या नऊ वर्षांच्या दीनाला समोर उभं केलं आणि त्या सावलीच्या पायाशी तिला पाठमोरी रंगवलं. शहाणपणा नडला, दुसरं काय!

संध्याकाळी पोर तापली. डोळे उघडे, पण ओळख नाही. "बाबा... हितं कुनीच न्हाई... लई गार हाय..."

दुसऱ्या दिवशी चित्रातली दीना कमानींकडे वीतभर सरकलेली. मी फूटपट्टी लावून मोजलं. तिसऱ्या दिवशी ती कमानीतल्या काळोखाला टेकली होती, आणि घरी तिचा श्वास ऐकायला कान नाकाशी न्यावा लागत होता. तिची आई वारलेली. मला ती एकटीच. मी पार खचलो होतो.

मी हॉलमध्ये भिंतीसमोर उभा असतानाच शाळेचा गडी सहादेव चुन्याची बादली घेऊन आला. "मास्तर, पाळकसायेब इचारत्यात. आजच हात मारून टाकतो."

"थांब... पोर आत आहे माझी."

त्यानं बादली खाली ठेवली. मी ती पाठमोरी आकृती खरवडली आणि तिथंच दीना पुन्हा काढली. तोंड आमच्याकडे, पाऊल आमच्याकडे. नाक काही नीट जमलं नाही. "दीना, घरी चल..." मी भिंतीशी पुटपुटलो.

चौथ्या दिवशी ती चित्राच्या अगदी अलीकडच्या कडेला आली होती. त्या बाईची सावलीही तिच्या उजव्या हाताला लागून सरकलेली. मी धावत घर गाठलं. पोर अंथरुणात बसून भाकरी मागत होती. मी ढसाढसा रडलो. दुपारी सहादेवानं भिंत पांढरी केली.

नाताळच्या सकाळी आम्ही चर्चला निघालो. समोरून टांगा आला म्हणून मी दीनाचा उजवा हात धरायला गेलो. तिनं तो हळूच मागे घेतला.

"ह्यो नको, बाबा," ती म्हणाली. "दुसरा धरा. ह्यो धरलेला हाय."