अर्जातलं तिसरं पान

“लोकांना वाटतं अर्ज म्हणजे लग्नपत्रिका. एखादं पान कमी असलं तरी पाहुणे येतातच.”

टेबलामागचा माणूस हे कुणाला उद्देशून बोलला नव्हता. पण कल्याणच्या कोर्टातलं मोफत विधी साहाय्याचं ते टेबल जिन्याखाली होतं, आणि रांग इतकी दाटीची की त्याचं पुटपुटणं थेट रसिका कर्णिकच्या कानात पडलं.

रसिकाचं माजिवड्याला दोन खोल्यांत ऑफिस. खासगी तपास हा धंदा. पंचवीस वर्षांत बहुतेक वेळ पळालेले नवरे आणि खोट्या पदव्या शोधण्यात गेला होता. सोबत सहदेवराव, निवृत्त बस कंडक्टर. ते तिच्या हिशेबाच्या वह्या आणि डबा सांभाळायचे आणि संशय नेहमी चुकीच्या माणसावर घ्यायचे.

“ह्याच अर्जाबद्दल बोलतायत ते,” मागे उभा असलेला दिपेश ओशाळून म्हणाला. “माझ्या बायकोच्या.”

दिपेशनेच त्यांना बोलावलं होतं. त्याची बायको भावना शहाडच्या तरे घराण्यातली. वडील काळुराम तरे गेल्या वर्षी वारले. चार वर्षं अंथरुणाला खिळले होते, आणि डोंबिवलीहून रोज जाऊन त्यांचं सगळं भावनानेच केलं होतं. उल्हास नदीच्या बाजूची त्यांची जमीन आता बिल्डरकडे चालली होती. भाऊ तानाजी सोमवारी करारावर सह्या करणार, आणि त्याच दिवशी भावनानेही हक्कसोडपत्रावर सही करायची, असं घरात धरूनच चाललेलं. तेवढी सही झाली की संपलं. भावना-दिपेश मात्र अकरा महिन्यांच्या करारांवर सात घरं बदलून झाले होते. आठवं बदलायची वेळ आली होती. त्या जमिनीवरच्या इमारतीत एक घर मिळालं, तर मुलीची शाळा तरी एकाच ठिकाणी राहील.

वकील परवडत नव्हता. म्हणून हा अर्ज. चार छापील पानं, स्वतःच्या हाताने भरायची. पहिल्यावर दोन्ही पक्षांची नावं-पत्ते, दुसऱ्यावर मिळकतीचा तपशील, तिसऱ्यावर ‘तुमचं म्हणणं आणि तुम्हाला काय हवं’, चौथ्यावर सही. अर्ज घेतला की समोरच्याला नोटीस जाते आणि दोघांना बसवून तडजोड घडवतात. पुढच्या बैठकीची यादी आज, शुक्रवारी, साडेचारला बंद होणार होती.

आणि अर्ज तीनदा परत आला होता. तिन्ही वेळा तिसरं पान गायब.

“कुणीतरी चोरतंय,” दिपेश म्हणाला. “पहिल्यांदा पिशवी शहाडला तिच्या माहेरी राहिली होती. दुसऱ्यांदा झेरॉक्सच्या दुकानात. तिसऱ्यांदा आमच्या घरीच होता, पण त्या दिवशी तानाजीदादा खाडीची कोळंबी द्यायला आलेला. तासभर बसला.”

सहदेवरावांनी रसिकाकडे अर्थपूर्ण पाहिलं. त्यांच्या मते प्रकरण संपलं होतं.

टेबलामागच्या माणसाचं नाव पंढरी. कोर्टातून निवृत्त झालेला कारकून, आता इथे सेवा करायचा. तो वैतागला होता, पण त्याचा वैताग नियमांवर होता, भावनावर नव्हता. तिसरं पान लोकांना पुरत नाही, असं त्याने सांगितलं. लोक समासात लिहितात, पाठीमागे लिहितात, वर चिठ्ठी जोडतात. भावना एकटीच अशी, की पहिल्या दिवशी तिने त्यालाच विचारलं होतं, हे पान तुम्ही लिहून द्याल का? तो नाही म्हणाला. नियम तसा आहे, स्वतःच्या शब्दांत.

रसिकाने परत आलेले तीनही अपुरे अर्ज दिपेशकडून मागून घेतले. पानं सुट्टी होती, कोपऱ्यात नुसती क्लिप. तिने दुसऱ्या पानावर बोटाची पेरं फिरवली, मग चौथं पान जिन्याच्या जाळीतून येणाऱ्या उजेडात तिरकं धरून बराच वेळ पाहिलं. तिन्ही अर्जांचं तसंच केलं.

“ठसे?” सहदेवरावांनी हळूच विचारलं.

“एक प्रकारचे,” ती म्हणाली, आणि पानं पर्समध्ये ठेवली.

झेरॉक्सच्या दुकानातल्या हर्षितने सरळ हात जोडले. दिवसाला चारशे लोक येतात मॅडम, कुणाचं पान ठेवून मी काय त्यात भेळ खाऊ? त्याला एवढंच आठवत होतं की त्या बाई तीनच पानांच्या प्रती काढा म्हणाल्या होत्या.

“म्हणजे पान आधीच चोरीला गेलेलं,” बाहेर आल्यावर सहदेवरावांनी निष्कर्ष काढला. रसिका म्हणाली, असेल.

शहाडला तरे यांचं घर नवं, दुमजली. ओट्यावर आवडाबाई वाल सोलत बसल्या होत्या. भावनाच्या अर्जाचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

“माजी पोर ती. माज्या पेन्शनीचे कागद करते. मना वाचता येत नाय, पन ती समदा करते.” मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, “काय चुकला का तिचा?”

रसिका म्हणाली, काही नाही, एक पान सापडत नाहीये.

तानाजी आतून आला. पन्नाशीचा, गळ्यात जाड साखळी, बोलायला मोकळा. त्याने चहा सांगितला आणि सोमवारचा बेतही सांगून टाकला. आमच्यात बहिणी सही करून देतात, त्यात काय विशेष नाही. त्याच्या बायकोने भावनासाठी पैठणी आणून ठेवली होती. सहीनंतर ओटी भरून, जेवण घालून पाठवायचं. सहा महिन्यांपासून ठरलेलं.

“भावनाताई हो म्हणाल्या?” रसिकाने विचारलं.

“नाही कुठे म्हणाली?” तो हसला.

मग रसिकाने पानाबद्दल विचारलं. त्या दिवशी डोंबिवलीला गेला होतात, तेव्हा तो अर्ज पाहिलात का?

“पेन्शनचा? टेबलावरच होता. मीच म्हटलं, दे, तहसीलमध्ये माझी ओळख आहे, काम करून आणतो. नाही दिला तिने.” एवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “थांबा. मी आईच्या पेन्शनचं पान चोरलं असं म्हणताय तुम्ही? कोण म्हणालं? दिपेश?”

तानाजीने गाडीची किल्ली उचलली. कुठे आहे ती? चल गं आई, तिच्या तोंडावरच विचारतो.

ती अर्ज द्यायला कल्याणच्या कोर्टात येणार आहे, जिन्याखालच्या टेबलाशी साडेचारच्या आत या, असं त्याला सांगून रसिका आणि सहदेवराव रिक्षाने डोंबिवलीला गेली. पत्रीपुलावर रिक्षा अडकली, आणि सहदेवरावांनी उपाशीपोटी आपला खटला मांडला. जमीन कुणाला जाते? तानाजीला. पिशवी राहिली कुठे? त्याच्या घरी. तासभर बसला कोण? तोच.

“आणि पेन्शन?” रसिकाने विचारलं.

“नाटक.”

“आवडाबाईंचंही?”

सहदेवरावांनी डबा उघडला.

भावना दारातच उभी होती, चौथा अर्ज हातात घेऊन. बारीक, भराभर बोलणारी बाई. आज तरी घेतील ना हो? तीनदा रिक्षाचं भाडं, तीनदा रांग, मी आता कंटाळले. टेबलावर वाण्याच्या यादीची वही उघडी होती. यादी आजची, पण तिच्याखालच्या कोऱ्या पानावर ‘तूरडाळ’ आणि ‘जिरं’ पेनाच्या दाबाने स्पष्ट उमटलेलं. दिपेश कोर्टातून परतला होता. तो म्हणाला, हिच्या हाताखालची वही आंधळ्यालाही वाचता येईल.

चौथ्या अर्जातही पानं तीनच होती.

“सकाळपर्यंत होतं,” भावना म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटांनी ते पंढरीच्या टेबलाजवळ पोचले. रांग ओसरली होती. जिन्याखालच्या बाकावर तानाजी आणि आवडाबाई आधीच बसले होते. तानाजी उठून काही बोलणार, तोच रसिकाने हात वर केला.

“पान कुणीही चोरलेलं नाही.”

दिपेश म्हणाला, मग गेलं कुठे?

“सांगते. चोर अर्ज थांबवायला आला असता, तर त्याने पहिलं पान नेलं असतं. समोरच्याचं नाव-पत्ता त्यावर असतो. किंवा दुसरं, गट नंबराचं. किंवा अख्खा अर्ज. पण चारदा नेलं ते तिसरंच, ज्यात फक्त भावनाताईंचं म्हणणं असतं.”

सहदेवराव तानाजीकडेच बघत होते.

“ह्यांच्यावर माझाही संशय होता. पण त्यांना आणि आईंना हा पेन्शनचा अर्ज वाटतोय. आपल्याविरुद्ध अर्ज आहे हेच ज्याला माहीत नाही, तो पान कशाला चोरेल? हर्षितच्या दुकानात पान हरवलं म्हणता, तर तिथे प्रती तीनच पानांच्या काढल्या होत्या. भावनाताईंनी स्वतः सांगून.”

“आपल्याविरुद्ध म्हणजे?” तानाजी म्हणाला.

रसिकाने पर्समधून पानं काढली. “भावनाताई एकावर एक पानं ठेवून लिहितात, आणि दाबून लिहितात. म्हणून पहिल्या पानावरचं दुसऱ्यावर उमटलंय. तसं तिसऱ्यावरचं चौथ्यावर उमटायला हवं. दोन अर्जांत चौथं पान सपाट आहे. सहीशिवाय काही नाही. ते पान लिहिलंच गेलं नव्हतं. कोरं पान दिलं तर पंढरीकाका कारण विचारणार, म्हणून ते काढून ठेवायचं आणि हरवलं म्हणायचं.”

“आणि तिसऱ्या अर्जात?” सहदेवरावांनी विचारलं. आता त्यांचा आवाजही बारीक झाला होता.

रसिकाने ते पान पेन्सिलीने हलकेच घासलं. करड्या रंगात दोन पांढरे शब्द वर आले: ‘माझा दादा’. पुढे काही नाही.

पंढरीने चष्मा काढून पुसला. दिपेश बायकोकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघत होता. तिच्यासाठी तो महिनाभर चोर शोधत होता.

“वकील असता तर त्याने लिहिलं असतं,” भावना खाली बघत म्हणाली. “त्यांच्या भाषेत. ‘प्रतिवादी’ वगैरे. मला वाटलेलं फॉर्म म्हणजे नुसते चौकोन भरायचे. त्या पानावर चौकोनच नाही हो. पेन टेकवलं की बाबांच्या वेळी दादाने मला रात्री-अपरात्री घरी सोडलेलं आठवतं. आणि यांना मी काय सांगणार? घर पाहिजे मला, आणि भावाचं नाव लिहवत नाही?”

“कसला अर्ज आहे हा भावना?” तानाजी म्हणाला. “पेन्शनचा नाही?”

आवडाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. त्या लेकाकडेही बघेनात आणि लेकीकडेही.

रसिका हळू आवाजात म्हणाली, “पान कोरं राहिलं तरी चालेल, ताई. नोटीस ज्यांना जायची ते इथेच उभे आहेत.”

वर घड्याळात चार पंचवीस झाले होते. पंढरीने कोरं तिसरं पान टेबलावर सरकवलं. भावनाने पेन उचललं, खाली ठेवलं आणि भावाकडे वळली.

“दादा, मी सोमवारी सही करणार नाही. बाबांच्या जमिनीत मला माझा हिस्सा पाहिजे.”