दिवस बुडायच्या आत

"नाव हलली की मी मरणार," असं तारामतीनं डोळे घट्ट मिटून जाहीर केलं, तेव्हा नाव अजून काठाच्या खुंटाला बांधलेली होती.

"इतकं भेता काहून पण? दोरी तं सुटू द्या आधी!"

तारामतीचे डोळे खाडकन उघडले. वाशिमपासून इतक्या दूर, परमुलखात, नेपाळातल्या पोखऱ्याच्या तळ्यात... आणि ही भाषा? समोर बेलबॉटम घातलेला एक तरुण वल्हं उलटं धरून बसला होता.

"तुमी... कुठले?"

"जऊळक्याचा, वाशिमजवळच्या. फुलचंद. इथं मामाचं कापडाचं दुकान हाय. नाववाला जेवायले गेला, म्हून मी बसलो."

"वल्हवता येते तुमाले?"

"नाई," फुलचंद शांतपणे म्हणाला. "पण दोरी आता सुटली."

तो एकाच बाजूनं वल्हवत होता, त्यामुळे नाव पुढे न जाता गोल गोल फिरत राहिली. तळ्यामागचा माशाच्या शेपटीसारखा बर्फाचा डोंगर तारामतीसमोरून पुन्हापुन्हा गेला. ती आधी रडली. मग चौथ्यांदा तोच डोंगर आल्यावर तिला हसू फुटलं – आणि फुलचंदच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं.

काठावर तिचे बाबूजी मिश्रीलालजी हात वर करून ओरडत होते. वाशिमला त्यांची धान्याची अडत. परदेश पाहायची हौस आणि पासपोर्टचा कंटाळा, म्हणून नेपाळ. बरोबर पत्नी सूरजबाई, थोरली बहीण धापूबाई आणि खाकऱ्यांची एक ट्रंक. तळ्याकाठी बसलेल्या लांब केसांच्या गोऱ्या पोरांना साधू समजून धापूबाई रोज सकाळी लांबूनच हात जोडत. त्यातल्या एकानं आशीर्वादही दिला होता.

नाववाल्यानं दुसऱ्या नावेतून येऊन त्यांना काठाला ओढून आणल्यावर धापूबाईंनी मुलाचं नाव नंतर विचारलं, गोत्र आधी. गोत्र वेगळं निघालं. तारामतीला काही कारण नसताना बरं वाटलं.

"जऊळक्याचा?" मिश्रीलालजींनी नाक मुरडलं. "तिथं गाडी तरी थांबते काय?"

"थांबते, काकाजी. उतरणारा पायजे."

या जैन घरात दिवस बुडाल्यावर कुणी अन्नाला शिवत नसे. शिवाय दिवस बुडाला की मिश्रीलालजींचं मौन सुरू होई, ते सकाळच्या पूजेपर्यंत. वाशिमला हे सोपं होतं. तिथं सूर्य सपाट शिवारापलीकडे सावकाश, रीतसर बुडतो. इथं मात्र चार घास होतात न होतात तोच पश्चिमेचा डोंगर त्याला गिळून टाकी. आदल्या संध्याकाळी धापूबाईंनी "बुडाला!" म्हणून ताटं उचलली होती, आणि भरल्या ताटांवरून उठून सगळं कुटुंब उपाशी निजलं होतं.

फुलचंदनं हे ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाला, "आत्याबाई, बुडाला नाई तो. डोंगरामागं लपून राह्यला. वरतं चढलं की सापडते."

तेव्हापासून रोज दुपार कलली की वाशिमचं हे कुटुंब डबे घेऊन समोरच्या टेकडीवर सूर्याच्या मागे धावू लागलं. खालून सावली चढत येई, एखाद्या वसुलीच्या शिपायासारखी. उन्हात थांबून चार घास खायचे, सावली पायाशी आली की "चला, चला!" धापूबाई भाकरी तोंडात धरून चढत. त्या वयात, त्या कंबरेनं!

वाट अरुंद. एका अंगाला दरी, तिच्यात धुकं. तारामतीची पावलं तिथं थिजत. हात धरणं शक्यच नव्हतं. मागे बाबूजी होते. फुलचंदनं धापूबाईंकडून पाणी गाळायचं कापड मागून घेतलं, एक टोक आपण धरलं, दुसरं तिच्याकडे टाकलं.

"हे फाटलं तर?"

"तर मी बी येतो मागं."

"कायले?"

"एकटं खाली जाऊन करता काय तुमी..."

तिनं कापड घट्ट धरलं. दरीची भीती तेवढीच राहिली. फक्त आता तिला त्या टोकाकडून हलकीशी ओढ जाणवू लागली – आणि ती भीती वेगळी होती.

घरी पोचल्या पोचल्या अकोल्याचे पाहुणे साखरपुड्याला येणार होते. तो मुलगा पाहायला आला तेव्हा भीतीनं तारामतीची मान थरथरली, आणि तो थरथराट सर्वांनी होकार म्हणून धरला होता. तिला नाही म्हणायचं होतं. पण बाबूजींसमोर शब्द फुटेल तर ना!

शेवटच्या संध्याकाळी ती फुलचंदला एवढंच म्हणाली, "उद्या सकायची मोटार हाय आमची."

"माहीत हाय." त्यानं कापडाचं टोक मुठीभोवती गुंडाळलं. मग – "दिवाळीले मी जऊळक्याले परत चाललो. कायमचा. बाबाचं दुकान पाहायचं हाय... दुकान लहान हाय."

"मले कायले सांगता?"

"तुमी हो म्हणा, मी काकाजींले बोलतो."

"तुमी नका बोलू." तिनंही आपलं टोक घट्ट धरलं. "मान माही हालली होती."

माथ्यावर सगळे पोचले. धापूबाई शेवटचा खाकरा चावत होत्या. सूर्याची नुसती कड उरली होती. तारामती बाबूजींसमोर जाऊन उभी राहिली. आता नाही तर सकाळी मोटार, मग गाडी, मग पाहुणे.

"बाबूजी! अकोल्याचं स्थळ मले नाई पायजे. तेव्हा मी भेऊन हालली होती. मले... जऊळक्याचं पायजे."

मिश्रीलालजींनी बोलायला तोंड उघडलं. सूर्य बुडाला.

तोंड तसंच मिटलं.

मौन सुरू झालं होतं. बाबूजींचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. सूरजबाई पदर चावत होत्या. बाबूजी पुढे आले आणि त्यांनी दोघांच्या मधोमध ते कापड पकडलं. आता हिसकावणार... फुलचंदनं डोळे मिटले.

पण बाबूजींनी हिसकावलं नाही. त्यांनी दरीकडे पाहिलं, घाबरून मान वळवली आणि फुलचंदला पुढे चालायची खूण केली. अंधारू लागलेल्या वाटेनं सगळे उतरले: पुढे फुलचंद, मागे तारामती, आणि मध्ये कापड दोन्ही मुठींत धरून मिश्रीलालजी. त्यांचा हात थरथरत होता, तो थरथराट कापडातून थेट तिच्यापर्यंत येत होता. एवढी वर्षं आपण ज्यांना भीत आलो ते स्वतःच भित्रे, हे तिला तेव्हा कळलं.

सकाळी मोटारीपाशी फुलचंद निरोपाला आला. चेहरा उतरलेला, बेलबॉटमलाही इस्त्री नाही. मिश्रीलालजींची पूजा आटोपली. त्यांनी घसा साफ केला, ट्रंकेवर पाय ठेवला आणि फुलचंदला दरडावून विचारलं,

"जऊळक्याले गाडी किती वेळ थांबते?"

फुलचंद उत्तर द्यायला पुढे सरला. तारामतीनं हातानंच त्याला थांबवलं.

"बाबूजी," तारामती म्हणाली, आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, "उतरणारे असले की थांबते."