पुढच्या फेरीला या

दिवा नको लावूस, बाळ. सरावतात डोळे. मघाशी तू हातातलं वायरलेस दाखवलंस, परीक्षा देऊन परवाना मिळवला म्हणालास, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. सांगू की नको... सांगतो. माझ्या ओळखीच्या माणसाची आहे. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली, एकदाच. शेवटचं थोडंसं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तो मोटरी वाइंडिंग करायचा. जळालेली मोटर आणून टाकायची, हा आतली तांब्याची तार काढून नवी भरून द्यायचा. त्या शनिवारी लाकडाच्या वखारीची मोठी मोटर तयार झाली होती. वखार घाटापलीकडे, आणि मालक सारखा मागे लागलेला. बायको म्हणाली, मीही येते, मला वाटेत ताईकडे सोडा. दोघं अंधार पडल्यावर निघाली. व्हॅनमध्ये मागे मोटर, दोराने आवळून बांधलेली. पुढे तिच्या मांडीवर त्याचं खेळणं. त्याच्या वायरलेस सेटला ती खेळणंच म्हणायची. सवत म्हणण्यापेक्षा बरं, असंही म्हणायची.

त्याला हॅम रेडिओचा नाद होता. दुकान बंद करून गच्चीवर जायचं, अँटेना आभाळाकडे धरायचा आणि कुठल्या कुठल्या माणसांशी बोलायचं. तुला ठाऊकच आहे, पण ह्या बाकीच्यांसाठी सांगतो. हौशी लोकांसाठी सोडलेले लहान लहान उपग्रह असतात, दप्तराएवढे. एकेक डोंगराआडून उगवतो, दहा-बारा मिनिटांत डोक्यावरून जाऊन मावळतो. तेवढ्यात खालून कोणी बोललं की ते उचलतो आणि दूरदूर टाकतो. गेला की दीडेक तासाने पुन्हा उगवतो. ह्याला ते लोक फेरी म्हणायचे. एका वेळी आवाज एकाचाच जातो. दोघं बोलले तर ज्याचा जोर जास्त तो वर, दुसरा पुसला जातो.

ह्याचा जोर दांडगा. अँटेना स्वतःच्या हातचा, तार वळण्यात तर आयुष्य गेलेलं. फेरीला जमणाऱ्या हॅमवाल्यांच्या टोळीतले त्याला तोफ म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं.

टोळीत एक शिंपीकाका होते. उतारवयात अभ्यास करून परवाना मिळवलेले, घरात एकटे. बोलताना अडखळायचे. पहिलं अक्षर जिभेवर बसलं की उठेपर्यंत उपग्रह मावळतीला. बाकीच्यांना धीर नसायचा. तोफ बटण दाबायचा, काका पुसले जायचे, आणि हा म्हणायचा, "काका, पुढच्या फेरीला या." सगळे हसायचे. ठरलेला विनोदच झाला तो. दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी भेटलं तर काकाही हसायचे. उलट त्यांनी सगळ्यांच्या सेटना जाड कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या, एक पैसा न घेता. निळा दोरा, आणि टाका दिसेल तर शपथ. दोरा तोडायला कात्री नाही घ्यायचे, दातानेच तोडायचे. तोफेला पिशवी देताना म्हणाले होते, तोंडाची बाजू राहिलीय, आणून द्या, शिवून देतो. ह्याने कधी नेली नाही.

मग एका रात्री काका गच्चीवर पाण्याच्या टाकीवर चढले, अँटेना जरा उंच धरायला म्हणून. शिडी सरकली. कंबर मोडली. फोन खाली, घराला आतून कडी. हातात फक्त सेट. त्यांनी बोलावलं. पहिलं अक्षर... पुन्हा पहिलं अक्षर...

तोफेने बटण दाबलं. "काका, पुढच्या फेरीला या."

दीड तासाने काका खरंच आले. आवाज बारीक झाला होता. ह्याने तेव्हाही तेच केलं. सगळे हसले. त्यानंतरच्या फेरीला काका आले नाहीत.

सकाळी दार फोडावं लागलं. वेळेत हलवलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

हॅम लोकांत एक रीत आहे. सोबती गेला की त्याची कॉल साइन, म्हणजे परवान्यावर मिळालेली हाकेची खूण, तीनदा पुकारायची. मग मिनिटभर गप्प राहायचं, उत्तराची वाट बघत. उत्तर येत नाही, मग निरोप द्यायचा. टोळीत जोर तोफेचा, म्हणून ते काम त्याच्याकडे आलं. त्याने पुकारलं तीनदा. पण मिनिटभर गप्प बसवेना. भीती वाटली म्हणाला मला. चार-पाच श्वास झाले असतील, त्याने घाईघाईने वखारीची काहीतरी गंमत काढली आणि बोलतच सुटला. निरोप राहिलाच.

तर तो शनिवार. घाटमाथ्यावर पोचायला पावणेदहा झाले, आणि उपग्रह उगवायची वेळही तीच. उंच जागा, मोकळं आभाळ. त्याने गाडी थांबवली. अँटेनाची काठी मोटरीखाली दबलेली. मग दोर सोडला, मोटर जरा सरकवली, काठी काढली, गाडीच्या टपाला लावली आणि बोलायला लागला. चांगल्या गप्पा रंगल्या. बायको म्हणाली, अहो, ताई जेवायची थांबली असेल. तेव्हा त्याने एका हातात सेट धरला, एका हातात चाक, आणि तसाच बोलत घाट उतरायला लागला.

तिने विचारलं, "दोर बांधलात का?"

तो म्हणाला, "हो हो."

तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोर दगड आला. त्याने करकचून ब्रेक मारला. गाडी चरात गेली.

मोटर पुढे आली.

तो खाली उतरला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती मात्र सीटसकट पुढे दाबली गेली होती, मांड्यांपासून खाली काही दिसत नव्हतं. शुद्धीवर होती. मोबाइलला रेंज नाही. मोटर दोन्ही हातांनी ओढून पाहिली, हलेना. तुम्हीच सांगा, एकट्याने कशी हलेल.

ती म्हणाली, "खाली लाइट दिसला होता मला. वळणापलीकडे. तुम्ही जा."

तो निघालाही. दहा-वीस पावलं गेला. मग त्याला सेट आठवला. उपग्रह मावळायला अजून मिनिट होतं. वळणापलीकडे कोण असेल, नसेल... पण वर सगळी टोळी आहे, शंभर कोसांवरचा माणूसही ऐकेल, फोन करेल. त्या लोकांचं तसंच असतं. खालच्या दिव्यापेक्षा वरच्यावर भरवसा जास्त. तो परत आला. बटण दाबून सगळं सांगितलं. अपघात, घाट, कितवं वळण.

लगेच उत्तर आलं. स्वच्छ. शांत.

"ऐकलं. मदत पाठवतो. गाडीपाशीच थांबा."

तो रडलाच. तिच्याजवळ बसला. म्हणाला, येतायत गं. ती म्हणाली, तरी तुम्ही खाली जाऊन या ना एकदा. तो म्हणाला, मी गेलो आणि ते आले तर अंधारात गाडी सापडायची कशी? तिने ऐकलं. ती ऐकायचीच त्याचं. मग ताईचं बोलत राहिली. तिच्यासाठी पिशवीत काय काय घेतलंय ते.

कोणी आलं नाही.

सव्वा अकराला उपग्रह पुन्हा उगवला. त्याने बोलावलं. ओरडून सांगितलं. तोच आवाज. ओळखीचा वाटत होता, पण कोणाचा ते ध्यानात येईना. इतकं सरळ, न थांबता बोलणारं टोळीत कोण?

"मदत निघाली आहे. थांबा."

तो थांबला.

ती आता कमी बोलत होती. एकदा म्हणाली, पाय गार पडलेत. एकदा म्हणाली, जा ना हो... त्याने तिच्या अंगावर आपला शर्ट घातला. रस्त्याकडे बघत बसला. वाऱ्याने झाड हललं तरी गाडी आली वाटायची.

कोणी आलं नाही.

एक वाजत आला. तिसरी फेरी. डोंगराला घासून जाणारी. त्याने हाक मारली. शिव्या दिल्या. हात जोडले. बाळ, ज्याचा आवाज कोणी पुसू शकत नव्हतं, तो माणूस हात जोडून बोलत होता. त्याने विचारलं, "कोण बोलतंय? कॉल साइन सांगा."

गप्प.

मिनिटभर गप्प.

मग...

"पु... पु..."

त्याने सेट कानाशी दाबला.

"पु... पु... पुढच्या फेरीला या."

उपग्रह मावळला. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती. डोळे उघडे. पापणी हलत नव्हती.

मी तेव्हा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचो. आमचा तळ त्याच घाटात होता. वळणापलीकडे. तिला दिसलेला लाइट आमचाच. आठ माणसं होतो आम्ही. जीप होती. मोटर उचलायला साखळी होती. आम्ही रात्री उशिरापर्यंत पत्ते खेळत होतो, पोरांनो... हाक मारली असती तर ऐकू आली असती.

उजाडायच्या आधी पाणी आणायला मी वर निघालो, तेव्हा ते दिसले. तिचा हात हातात घेऊन तो बसला होता. काही विचारलं की एकच बोलायचा, मदत निघालीय. पुढे टोळीतली माणसं भेटायला आली. ती माणसं म्हणाली, दगड आला त्या क्षणापर्यंत ह्याचं हसणं ऐकलं. नंतर तिन्ही फेऱ्यांना कोणाचाच शब्द ऐकू आला नाही. नुसतं कोणीतरी बटण दाबून धरल्यासारखं. ह्याला उत्तर त्यांच्यातल्या कोणीच दिलं नव्हतं.

त्या पहाटे त्याच्या दुसऱ्या हातात सेट होता, त्या कापडी पिशवीत. मला वाटलं, काढून ठेवावा बाजूला. बोटं सोडवून घेतला. पिशवीचं तोंड शोधलं.

तोंड नव्हतं. चारी बाजूंनी शिवलेली. सेट आत.

निळा दोरा. बारीक टाके. कोपऱ्यात गाठ मारून दोरा दाताने तोडलेला. मी त्याला बोट लावलं...

टोक ओलं होतं.